सहा कामट्यांची काठी

माझा एक मित्र पेनसिल्व्हानियात बरीच वर्षे गणित शिकवत होता. तो निवृत्त झाला तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला एक जुनी काठी भेट दिली. जुनी म्हणजे शंभर वर्षांहून अधिक जुनी. मासे पकडण्याची, बांबूची, तीन तुकड्यांत सुटी होणारी, आणि एका कारागिराकडून नीट दुरुस्त करून घेतलेली. सोबत त्या कारागिराने केलेल्या कामाची यादीही होती : सरस कुठे सुटला होता, दोरा कुठे बदलला, वार्निशचे किती हात दिले. मित्राने काठीची छायाचित्रे पाठवली. काठीच्या अंगावर जागोजागी भाजल्यासारखे काळपट डाग आहेत. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले होते की हे डाग घालवायचे नसतात, ती ‘कलकत्ता केन’ची खूण आहे. मित्राने विचारले होते, “म्हणजे हा बांबू आपल्याकडचा का? आणि असला तर कुठला?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘होय’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र वनस्पतिशास्त्र, पदार्थविज्ञान आणि व्यापार अशा तिन्ही वाटांनी बरेच हिंडावे लागते. ती वाट मोठी रंजक आहे.

आधी ही काठी कशासाठी असते ते पाहू. आपल्याकडे गळ टाकणाऱ्याला काठीचे फारसे कौतुक नसते. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावावी, वर शिशाचा तुकडा बांधावा. ते वजनच दोरीला ओढत पाण्यात नेते. काठी कोणतीही चालते. ‘फ्लाय फिशिंग’मध्ये हे गणित उलटे होते. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा पाण्यावर उतरणारे कीटक खातो. त्याला फसवण्यासाठी गळाभोवती पीस, लोकर, रेशीम गुंडाळून कीटकाची नक्कल करतात. या नकली माशीला वजन जवळजवळ नसतेच, आणि वजन नसलेली वस्तू लांब फेकता येत नाही. कापसाचा बोळा फेकून पाहा, म्हणजे पटेल. म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेले असते आणि फेकायची असते ती दोरी. माशी बिचारी तिच्यामागून जाते. पण हे वजन तरी किती? आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘पाच नंबर’च्या दोरीचे पहिले ३० फूट, म्हणजे सुमारे ९ मीटर, अवघे ९ ग्रॅम भरतात.

एवढीशी दोरी हवेत सरळ उलगडत न्यायची तर काठीला दोन कामे करावी लागतात. ती तरफ असते आणि स्प्रिंगही असते. काठी पुढे आणताना दोरीच्या जडत्वामुळे ती मागे वाकते, हात थांबला की झटक्यात सरळ होते आणि साठवलेली ऊर्जा दोरीला देते. सरळ झाल्यावर ती थरथरत राहिली तर दोरीत लाटा उठतात आणि माशी पाण्यावर अलगद उतरण्याऐवजी आपटते. म्हणजे काठी हलकी हवी, वाकणारी हवी, पण लुळी नको. शिवाय ती मुठीपासून टोकाकडे एका ठराविक प्रमाणात निमुळती होत गेलेली हवी. निसर्गात अशी वस्तू आयती मिळणे कठीण.

माशीने मासे पकडण्याची युक्ती तशी फार जुनी आहे. इ.स. २०० च्या सुमारास रोमन लेखक इलियन याने मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले आहे. त्यांची काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले. त्या काळात दोरी घोड्याच्या केसांची असे आणि ती फेकण्यापेक्षा लांबलचक काठीच्या टोकाने पाण्यावर ठेवली जाई. पुढे काठ्यांसाठी निरनिराळी लाकडे आली : ॲश, हिकरी, वेस्ट इंडीज बेटांवरचे लान्सवुड, ब्रिटिश गियानातले ग्रीनहार्ट. यांतले ग्रीनहार्ट चांगले चिवट. पण बारा-चौदा फुटांची काठी त्याची करायची तर ती दोन्ही हातांनी पेलावी लागे. दिवसभर नदीत उभे राहून ती झुलवणाऱ्यांच्या दंडांची कल्पना करावी.

मग बांबू आला. बांबू हे झाड नाही, गवत आहे, हे आपण वर्गात सांगतोच. त्याचा एक परिणाम मात्र सांगायचा राहतो. झाडाचे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते, कारण सालीखाली नवे लाकूड तयार करणारा थर असतो. बांबूला तो थर नाही. कोंब जमिनीतून जेवढा जाड वर येतो तेवढीच त्याची जाडी कायम राहते. काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि पुढची तीन-चार वर्षे फक्त आतून कठीण होत जातो. अशा पोकळ, उंच, वाऱ्यात झुलणाऱ्या नळीला मोडायचे नसेल तर बळकटी कुठे असायला हवी? बाहेरच्या बाजूला. कोणतीही काठी वाकली की बाहेरच्या कडेचे तंतू ताणले जातात, आतल्या कडेचे दाबले जातात, आणि मधल्या भागावर फारसा भार येत नाही. बांबूने हे गणित आपल्या अंगात उतरवले आहे.

हे डोळ्यांनी पाहता येते. पक्क्या बांबूचे पेर करवतीने आडवे कापावे, काप पॉलिशपेपरवर घासून गुळगुळीत करावा आणि भिंगातून पाहावे. फिकट पार्श्वभूमीवर तपकिरी ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे अन्नपाण्याच्या नळ्यांची एक जुडी आणि तिच्याभोवतीचे चिवट तंतूंचे वेष्टन. आतल्या बाजूला ठिपके मोठे आणि विरळ असतात. बाहेर जावे तसे ते लहान होत दाटतात, आणि अगदी सालीखाली तर नुसते तंतूच तंतू. आता त्याच बांबूच्या सारख्या लांबीच्या, रुंदीच्या व जाडीच्या दोन कामट्या काढाव्यात, एक पाठीकडची आणि एक पोटाकडची. दोन्ही टेबलाच्या कडेला घट्ट दाबून ३० सेंटिमीटर बाहेर काढाव्यात आणि टोकाला सारखीच वजने टांगावीत. कोणती किती झुकते ते पट्टीने मोजावे. नववी-दहावीच्या मुलांना एका तासात होण्यासारखा प्रयोग आहे, आणि खर्च जवळजवळ शून्य. आपले बुरूड कारागीर कामटीची हिरवी पाठ आणि आतला मऊ भाग वेगळे का काढतात, हेही त्यातून कळते.

मासेमारीच्या काठीसाठी अखंड बांबू घेतला तर टोकाकडचा बारीक भाग घ्यावा लागतो आणि त्यात तंतूंचा थर पातळ असतो. जाड बांबू घ्यावा तर तो फार जाड. यावर तोड निघाली ती अशी : जाड, पक्का बांबू फाडायचा, पाठीकडच्या दाट तंतूंच्या कामट्या घ्यायच्या, त्या आतून तासून त्रिकोणी करायच्या आणि पाठ बाहेर ठेवून एकमेकींना चिकटवायच्या. म्हणजे हवी तेवढी बारीक काठी करता येते, आणि तिच्या प्रत्येक बाजूवर बांबूची पाठच असते!

ही कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली यावर वाद आहे. तीन कामट्यांची टोके इंग्लंडमध्ये आधीपासून होत होती आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात तशा काठ्या मांडल्याही गेल्या होत्या. अमेरिकेत मान दिला जातो तो पेनसिल्व्हानियातील ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिपी याला. हा बंदुका दुरुस्त करी आणि व्हायोलिनेही बनवी. १८४५-४६ च्या सुमारास त्याने कामट्या चिकटवून काठ्यांचे भाग बनवले. १८८१ साली डॉ. जेम्स हेनशल यांनी आपल्या पुस्तकात त्याची बाजू नोंदवून ठेवली म्हणून ते नाव टिकले. मला स्वतःला या ‘पहिला कोण’ वादात फार रस वाटत नाही. बंदुकीच्या नळीचे माप आणि व्हायोलिनचा सरस हे दोन्ही ज्याच्या हातात आहे, अशा माणसाला हे सुचावे यात नवल ते काय? त्यानंतर न्यूअर्कच्या चार्ल्स मर्फीने १८६० च्या दशकात सहा कामट्यांच्या काठ्या विकायला सुरुवात केली. षट्कोनी काठी रूढ झाली ती तेव्हापासून.

या सहा कामट्यांचे काम किती नाजूक आहे ते आकड्यांतून कळते. सहा समभुज त्रिकोण एकत्र आले की षट्कोन होतो. म्हणजे प्रत्येक कामटीचा कोन बरोबर ६० अंशांचा हवा आणि तिची जाडी मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू कमी होत जायला हवी. टोकाशी पुरी काठी साधारण १.८ मिलिमीटर जाड असते, म्हणजे एकेक कामटी ०.९ मिलिमीटर. काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. प्रत्येक कामटी नुसती ०.०५ मिलिमीटर जाड राहिली तर काठी १.८ ऐवजी १.९ मिलिमीटरची होईल. (१.९ ÷ १.८) चा चौथा घात काढा : सुमारे १.२४. म्हणजे त्या जागी ताठपणा २४ टक्क्यांनी वाढला. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी चूक, आणि परिणाम जवळजवळ एक चतुर्थांश! शिवाय रंधा मारायचा तो फक्त आतल्या दोन बाजूंना. पाठीला हत्यार लावायचे नाही, कारण सारी ताकद तिथेच.

हे काम यंत्राने करून दाखवले मेन राज्यातील बँगोरच्या हायरम लेनर्ड याने. लेनर्ड (१८३१-१९०७) मूळचा बंदूक-कारागीर आणि शिकारी. १८७० च्या आसपास तो काठ्यांकडे वळला आणि १८७० च्या दशकातच त्याच्या कारखान्यात कामट्या कोनात कापणारे यंत्र आले. ते बंद खोलीत ठेवलेले असे आणि मोजक्या माणसांखेरीज तिथे कोणालाही प्रवेश नसे, असे सांगतात. १८८१ साली लेनर्ड न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल व्हॅली येथे गेला. त्याच्या हाताखाली शिकलेले एडवर्ड पेन, फ्रेड थॉमस, युस्टिस एडवर्ड्स हे पुढे स्वतःच नामवंत काठीकार झाले. कुलूप कितीही पक्के असले तरी हुन्नर माणसाबरोबर बाहेर पडतोच. दुसऱ्या टोकाला, स्वस्त बांबू-काठ्यांचे अमाप उत्पादन करणारे कारखानेही निघाले. म्हणून जुनी काठी दिसली की ती मोलाचीच असेल असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी लाकडी पेटीतले बांबू-काठ्यांचे संच घरी आणले. ते दिसायला सुरेख आणि मासे धरायला बेताचेच. आजोबांची ठेव म्हणून अशी पेटी आज पुष्कळांच्या हाती येते, आणि कारागिराला खरे सांगणे जिवावर येते.

डाग कसले?

फिलिपी, मर्फी आणि सुरुवातीचा लेनर्ड, या साऱ्यांचा बांबू ‘कलकत्ता केन’ होता. कलकत्ता बंदरातून जहाजांनी जाणारा, भरीव किंवा जवळजवळ भरीव असा हा बांबू म्हणजे डेंड्रोकॅलामस स्ट्रिक्टस. इंग्रज याला ‘नर बांबू’ म्हणत. घोडदळाच्या भाल्यांचे दांडे याचेच, पोलिसांची लाठीही याचीच. या बांबूंवर भाजल्याचे डाग असत. ते का, याची कारणे निरनिराळी सांगितली जातात; बांबू पोखरणाऱ्या भुंग्यांपासून बचाव हे त्यांपैकी एक. आपल्याकडे लाठी सरळ करायला ती विस्तवावर शेकतात हेही ध्यानात घ्यावे. काठीकारांना हे डाग नको असत. जिथे खोल भाजले तिथे तंतू जळालेले, म्हणजे तेवढी कामटी वाया. पण गंमत अशी की पुढे काठीकार स्वतःच कामट्या भट्टीत भाजू लागले. सुमारे १७५ अंश सेल्सिअसला काही मिनिटे ठेवले की बांबूतला ओलावा निघून जातो आणि तो अधिक ताठ होतो. खोल जाळणे वाईट, बेताने भाजणे चांगले. कांदा परतणाऱ्या कोणालाही हे सांगायची गरज नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात कलकत्ता केन मागे पडला आणि ‘टोंकिन केन’ आला. मित्राच्या काठीवरचे डाग तिचे वय सांगतात ते यामुळे. नवा बांबू का जिंकला याची कारणे साधी होती. पेरे लांब, गाठी कमी फुगीर, बुंधा सरळ, आणि सालीखालच्या दाट तंतूंचा थर अधिक जाड. गाठीशी तंतू वाकडे होतात, म्हणून गाठ ही काठीची दुबळी जागा. सहाही कामट्यांच्या गाठी एका रेषेत येऊ नयेत म्हणून त्या मागेपुढे सरकवून बसवाव्या लागतात. गाठी जितक्या कमी तितके काम सोपे आणि काठी बरी.

पण टोंकिन म्हणजे उत्तर व्हिएतनाम, आणि हा बांबू तिथला नव्हेच! कालिकत बंदरावरून ‘कॅलिको’ कापडाला नाव पडले, तसाच हा व्यापाऱ्यांचा प्रकार. फ्लॉइड मॅकक्लुअर हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ १९१९ पासून कँटनच्या लिंगनान विद्यापीठात शिकवत होते. बांबू हाच त्यांचा जन्माचा विषय. या बांबूचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले आणि त्याला अरुंडिनेरिया अमाबिलिस हे नाव दिले. अमाबिलिस म्हणजे लोभस. (आता तो स्यूडोसासा या प्रजातीत घालतात.) त्याचे घर दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात, स्वी नदीच्या काठच्या डोंगरउतारांवर, ह्वायजी जिल्ह्याच्या परिसरात आहे. तोडलेले बांबू तिथे नदीच्या वाळूने घासून स्वच्छ करतात, उन्हात वाळवतात आणि शेकून सरळ करतात. सगळ्या जगाच्या ट्राउट-काठ्या एका लहानशा डोंगराळ मुलखावर अवलंबून होत्या, आणि वीस-पंचवीस वर्षे वापरणाऱ्यांना त्या मुलखाचे नावही ठाऊक नव्हते.

दुरुस्तीची यादी

मित्राला मिळालेली ती यादी मला काठीइतकीच बोधक वाटली. जुन्या काठ्यांत कामट्या जनावरांच्या कातड्या-हाडांच्या सरसाने चिकटवलेल्या असत. सरस ओलाव्याने सैल होतो, आणि काठी तर पाण्यावरच वापरायची! म्हणून काठीवर थोड्या थोड्या अंतराने रेशमी दोरा गुंडाळून वर वार्निश देत. ही वेटोळी शोभेची वाटली तरी सरसावरचा तो विमा होता. १९३०-४० नंतर कृत्रिम रेझिनची चिकटद्रव्ये आली आणि मधली वेटोळी आपोआप गळून पडली. दुरुस्तीत सुटलेल्या कामट्या पुन्हा चिकटवतात. वाकून राहिलेला भाग मंद आचेवर शेकून सरळ करतात. जुना दोरा काढून तशाच रंगाचा रेशमी दोरा घालतात. वार्निशमध्ये रेशीम पारदर्शक होऊन रंग गडद होतो, म्हणून आधी रंग टिकवणारा थर द्यावा लागतो. तुकडे जोडणाऱ्या नळ्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. त्यात चांदी अजिबात नाही. तांबे, जस्त आणि निकेल. त्या ऊब देऊन सोडवतात आणि पुन्हा बसवतात. मुठीचा बूच खराब असेल तरच बदलतात.

एक गोष्ट मात्र करायची नाही : जुने वार्निश काढताना काठी घासून गुळगुळीत करायची नाही. वरच्या चौथ्या घाताचा हिशेब इथे उलटा लागतो. दशांश मिलिमीटर घासले की सगळ्यात चांगले तंतू गेले आणि काठी लुळी झाली. टोकाचा इंच-दीड इंच कधी मोडून गेला असेल तर काठी थोडी बोजड वागते, कारण सगळ्यात बारीक, सगळ्यात चपळ भागच हरवलेला असतो. दुरुस्ती म्हणजे वस्तू नवी दिसावी असे करणे नव्हे, हे आपल्या देवळांच्या जीर्णोद्धार समित्यांनी या कारागिरांकडून शिकण्यासारखे आहे. असो.

जाता जाता आणखी एक : काठीच्या दोरीला पुढे जो पारदर्शक तंतू जोडत, तोही नायलॉन येईपर्यंत रेशमाच्या किड्याचाच असे. कोष विणण्याआधी किड्याच्या रेशीमग्रंथी काढून त्या ताणून तो करत. स्पेनमधील मुर्सिया हे त्याचे केंद्र. घोड्याचे केस, किड्याच्या ग्रंथी, कोंबड्याची पिसे, गवताची काठी. रसायन कारखान्यांच्या आधीचे तंत्रज्ञान असे होते.

कारखाना आला तो या काठीच्याच दुरुस्तीतून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्थर हॉवल्ड या संशोधकाच्या बांबू-काठीचे टोक मोडले. त्यांनी काचेचे तंतू लांबीच्या दिशेने ठेवून रेझिनमध्ये बसवले आणि नवे टोक केले. त्यातून शेक्सपिअर कंपनीची फायबरग्लासची काठी १९४७ च्या सुमारास बाजारात आली. कल्पना बांबूचीच : मऊ भरावात रोवलेले चिवट तंतू. १९५० च्या डिसेंबरात, कोरियाच्या युद्धामुळे, अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन केन मिळेना. ज्यांच्या माडीवर साठा होता ते थोडे काठीकार तगले. १९७१ साली बंदी उठली, तोवर एक पिढी काचेच्या काठीवर वाढली होती. आणि दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, फेनविक कंपनीने कार्बन-तंतूंची काठी आणली. ती बांबूपेक्षा हलकी, ताठ आणि कारखान्यात हवी तेवढी होणारी. बांबू-काठीचा बाजार तिथे संपायला हवा होता.

तो पुरता संपला नाही, याचे श्रेय बरेचसे एका पुस्तकाला जाते. एव्हरेट गॅरिसन (१८९३-१९७५) हे पेशाने अभियंता. काठी म्हणजे एका टोकाला धरलेली तुळई, असे मानून त्यांनी तिच्या दर काही इंचांवर येणारा ताण गणिताने काढला आणि त्यावरून जाडी ठरवली. तोवर हे माप कारागिराच्या हातात आणि वहीत दडलेले असे. होगी कारमायकेल यांनी त्यांच्यापाशी बसून सारी पद्धत टिपून घेतली आणि १९७७ साली, गॅरिसन यांच्या मृत्यूनंतर, ते पुस्तक निघाले. लेनर्डच्या कुलूपबंद खोलीला शंभर वर्षांनी मिळालेले ते उत्तर होते. आज जगभर कित्येक हौशी माणसे गॅरेजमध्ये रंधा घेऊन कामट्या तासतात, जुन्या काठ्या दुरुस्त करतात आणि आपल्या माणसांना भेट देतात. लुई मार्डेन या छायाचित्रकाराने ग्वांगडोंगमधील त्या बांबूच्या डोंगरांत जाऊन त्यावर १९९७ साली पुस्तक लिहिले. टोंकिन केनचा पत्ता आता कोणालाही सापडतो.

आणि कलकत्त्याचा पत्ता?

टोंकिन केन आधी काठीत आला आणि मग त्याला शास्त्रीय नाव मिळाले. कलकत्ता केनचे बरोबर उलटे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याचे वर्णन अठराव्या शतकाच्या अखेरीसच केले होते, म्हणजे फिलिपीने कामटी तासण्याच्या सुमारे अर्धशतक आधी. हेच रॉक्सबर्ग पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख म्हणून ओळखले गेले. १८९६ साली गॅम्बल यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील बांबूंवरचा मोठा ग्रंथ त्याच उद्यानाच्या मालिकेत प्रसिद्ध झाला. तेव्हा अमेरिकेत कलकत्ता केनच्या काठ्या जोरात विकल्या जात होत्या. शास्त्राला सारे माहीत होते. पण जोडनळीवर नाव कोरले जाई ते काठीकाराचे. बांबू कोणत्या रानातला, कोणी तोडला, कोणी शेकला, हे काठीवर कुठेच नसे. बंदरातून पुढे फक्त बंदराचे नाव गेले. म्हणून मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाला मी एवढेच लिहू शकलो की ही जात भारताच्या कोरड्या, पानगळी जंगलांत दूरवर पसरलेली आहे आणि त्यांतले कोणतेही रान तिचे असू शकते.

चंद्रपूर, गडचिरोली आणि मेळघाटात तिला मानवेल म्हणतात. विदर्भातला पुष्कळ बांबू अनेक दशके बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना ‘झाडा’त होती. वनस्पतिशास्त्राचा कोणताही विद्यार्थी ही चूक दाखवू शकला असता, पण वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्या व्याख्येतून वगळायला २०१७ साल उजाडले. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले होते. त्याच्या आधाराने गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. देशातली ती पहिली ग्रामसभा. तिथून निघणाऱ्या बांबूसोबतचा कागद आता गावच देते. मेंढ्याच्या रानातला बांबूही मानवेलच आहे.